ओढ्याच्या वरच्या अंगाला

मु. नांदूरघाट
कार्तिक वद्य पंचमी, फसली १३२९

तीर्थरूप आबांच्या पायी सत्यभामेचा नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी.

तुम्हाला नात झाली. गेल्या गुरुवारी, गुरं रानात सुटायच्या वेळी. आई असती तर पहिलं बाळंतपण वडगावलाच झालं असतं, पण सासूबाईंनी मला काही कमी पडू दिलं नाही. डिंकाचे लाडू असे चारतात की मी दारातून बाहेर निघेन की नाही, शंकाच आहे. पोरीचं नाक तुमचं, हट्टही तुमचाच. जोंधळा यंदा चांगला आहे. मी फार सुखात आहे, आबा.

इथली एक गोष्ट कदाचित तुमच्या कानावर आली असेल. दारूच्या भट्टीचा गुत्तेदार मोहाच्या फुलांचा सडका लगदा आणि काळं पाणी पिंपांत भरून गाड्यांनी आणतो आणि आमच्या गायरानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला ओततो. दसऱ्यापासून ओढ्याला आंबूस वास येतो. म्हशी तोंड लावून मागे फिरतात. दोन वासरं दगावली. तहसिलीत दरखास्त करून बघितली, जवाब नाही.

मग गावानं गाड्यांच्या वाटेवर गुरं बसवली. बसल्या गाईवर गाडी घालणारा गाडीवान आपल्या मुलखात अजून जन्मायचाय. तुमचे जावई आमच्या कपिला गाईला घेऊन सगळ्यांत पुढे, मी पोट सांभाळत मागे.

हे लिहिणार नव्हते, पण लिहिते. पुढच्या गाडीवर आपला हरिबा होता. लग्नानंतर मला ज्यानं इथं आणून सोडलं, तोच. गुत्तेदाराच्या भाड्याच्या गाड्या तुमच्या आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि गावालाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हरिबानं मान खाली घालून विचारलं, "अक्का, मालकाला काय सांगू आता?"

मी म्हटलं, "सांगा, तुमच्या लेकीनंच माघारी धाडल्या म्हून."

गाड्या वळल्या. सासूबाईंनी माझा हात धरून मला घरी आणलं, एका शब्दानं तुमचं नाव काढलं नाही. मला तुमचा फार राग आला होता. आता नाही, पोर मांडीवर असली की राग टिकत नाही. पण गुत्तेदार पुन्हा गाड्या मागणार म्हणे. द्यायच्या की नाही, ते तुमच्याच हातात आहे.

मंगळवारी बारसं आहे, नक्की या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून आजवर आलात तेव्हा तांब्या घरून भरून आणलात. आता ती अडचण सरली. आम्ही त्याच ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी पितो. तेच पिऊन मी तुमच्या नातीला पाजते. तुमचा तांब्या मी स्वतः भरून ठेवीन.

तुमची, आणि आता या गावची,
सत्यभामा