वेलांटीचे मागचे पाय

९ नोव्हेंबर
आजही उठली नाही. मी फिरायला निघायचं म्हणून चपला घातल्या, तर वेलांटी पुढच्या दोन पायांवर सरपटत दारापर्यंत आली. मागचे दोन्ही पाय फरशीवर ओल्या फडक्यासारखे घसटत. चपला काढून ठेवल्या.

तीन वर्षांमागं हर्सूलच्या रस्त्याकडेला सापडली तेव्हा ओंजळीत मावत होती. शेपूट अशी वळलेली, की पाटीवर गिरवलेली वेलांटीच. मंदा तेव्हा म्हणाली होती, "अवो, कुत्रीला असलं नाव असतं व्हय?" आज दिवसभर तीच त्या नावानं हाका मारत बसली आहे.

११ नोव्हें.
डॉक्टरबाई म्हणाल्या, मणक्यातली गादी सरकून आतल्या नसेवर दाबते आहे. एमआरआय नि ऑपरेशन, दोन्ही पुण्याला. खर्च लाखाच्या वर. त्यांनी मागच्या बोटाला चिमटा काढला. वेलांटीनं मान वळवून रागानं पाहिलं.
"हे चांगलं आहे काका. दुखतंय तोवर आशा. हे वळून बघणं थांबलं, की ऑपरेशन करूनही उपयोग नाही. फार थांबू नका."
पोस्टातली पेन्शन. घरात जे होतं ते सांगितलं, बाईंनी पुण्याचा पत्ता लिहून दिला.
येताना रिक्षात ती माझ्या मांडीवर. आशा म्हणजे दुखणं. असं कुठल्या कवितेत वाचल्याचं आठवत नाही.

१२ नोव्हें.
सकाळी बागेत, हास्यक्लबच्या हाहाहा-होहोहो नंतर, सगळ्यांसमोर पैसे मागितले. आयुष्यात पहिल्यांदा. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं, कुणाला फोन आला.
कदम गुरुजी (कन्नडला हेडमास्तर होते, अजून सगळ्यांना विद्यार्थी समजतात) मोठ्यानं म्हणाले, "रस्त्यावर हजार कुत्री आहेत. एकीपायी वर्गणी? फुकट कोण देणार?"
डोकं फिरलं. म्हटलं, "फुकट नकोच. तुमच्या शाळेच्या पुस्तकातली कुठलीही मराठी कविता सांगा. चालीत म्हणतो. अडखळलो तर शंभर मी देणार, नाही अडखळलो तर तुम्ही वेलांटीला द्यायचे."
हशा पिकला. पण तिघांनी कविता सांगितल्या. तीनशे घेऊन घरी आलो. मंदाला दाखवले. "लाखाला किती कविता लागतील ते तरी मोजलं का?" नाही मोजलं.

१४ नोव्हें.
काल अकरा, आज चौदा जण. एकानं हजार दिले, दुसरीतली कविता ऐकून त्याचे डोळे भरले म्हणून. हास्यक्लबातले शेखभाई घसा फुलवून चालीत साथ देतात. भंगाराचं दुकान शहागंजात, पण शाळा पाचोडची, मराठी. "काका, हमारे गुरुजी डस्टर टेबलावर आपटून ठेका धरायचे. हर ओळीला खडूचा धुरळा." आमचे फुलंब्रीचे गुरुजीसुद्धा! ठेका चुकला की डस्टर पाठीत. त्या धुरळ्यातच मला पहिल्यांदा कळलं की शब्दांना पाय असतात, ते आपले आपण चालतात. खिडकीबाहेर चिंच होती, तिच्यावर

मंदानं हाक मारली. वेलांटीची लघवी दाबून काढावी लागते आता, दोघं लागतात.

१७ नोव्हें.
रोज सकाळी चिमटा मंदा काढते. माझ्यानं होत नाही. आज वेलांटीनं वळून बघायला वेळ लावला.
ग्रुपवर कदम गुरुजींचा मेसेज: "रोज शंभर-शंभरचा खेळ पुरे. रविवारी बागेत एकच कविता. नदीची, चौथीच्या पुस्तकातली. अख्खी म्हणालात तर मी दहा हजार देईन. चुकलात तर या बागेत पुन्हा मागायचं नाही."
खाली टाळ्यांची चित्रं. मी लिहिलं, कबूल. नदीची! ती तर झोपेतही येते.

रविवार
हरलो.
एक शब्द चुकला नाही. शेवटची ओळ म्हणून हात जोडले, लोक उठून टाळ्या वाजवत होते. गुरुजींनी पिशवीतून कवीचा जाडजूड संग्रह काढला, लायब्ररीचा शिक्का असलेला. "आता पुढची तीन कडवी म्हणा."
कसली कडवी? कविता तिथंच संपते. साठ वर्षं तिथंच संपत आली आहे. नदी वळते नि दिसेनाशी होते. बघितलं, तर पुस्तकात खरोखरच तीन आणखी. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी जागेपायी कापलेली. मूळ कविता कुठं असते, कशी असते, हे पाहायचं कधी सुचलंच नाही मला. चौथीचं पुस्तक म्हणजेच कविता.
शेखभाई भांडायला उठले: "गुरुजी, चौथीच्या पुस्तकातली म्हणाले होते की! ये तो धोका है!" गुरुजी म्हणाले, "अख्खी म्हणालो होतो."
म्हणाले होते.
मी म्हटलं, "हरलो. या बागेत मागणार नाही." आणि संग्रह मागून घेतला. त्यांना नाही म्हणता येईना.

१९ नोव्हें.
तिन्ही कडवी पाठ केली. एकाहत्तराव्या वर्षी, एका दिवसात. नदी शेवटी समुद्राला मिळते आणि उपदेश करते. कापली ते फार बरं केलं! गुरुजींना पुस्तक परत देताना हे तोंडावर सांगितलं. "कवीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?" म्हणाले. म्हटलं, "या कवितेपुरतं, होय."

बागेत मागणार नाही म्हणालो. शहरात मागणार नाही असं म्हणालो नाही.

२० नोव्हें.
शहागंज. शेखभाईंच्या भंगाराच्या दुकानापुढं, रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून. मंदा म्हणाली होती, "लोक भिकारी समजतील." समजू देत. वेलांटीला आणलं होतं, गोणपाटावर. हमाल, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. एक हमाल म्हणाला, "मला सातवीपातुर येत्यात, आजोबा, तुम्ही मागं पडाल." दोघं मिळून सूर्यास्तापर्यंत म्हणत होतो. पाठांतर त्याचं लई भारी, आवाज पहाडी. पैसे नव्हते त्याच्याकडं, त्यानं आवाज दिला. गर्दी त्यानं जमवली.
गर्दीतल्या एकानं विचारलं, "कुत्र्यासाठी? माणसं मरतायत इथं." म्हटलं, "माणसासाठी मागा, मी तुमच्याशेजारी बसून म्हणेन. पण आज हिच्यासाठी."

२३ नोव्हें.
घसा बसला. चार ठिकाणं झाली. तरी बरंच कमी पडतं आहे. चिमट्याला आज वळून बघितलं नाही, नुसता कान हलला. डॉक्टरबाईंना फोन केला. "काका, आता उद्या-परवाच."
मंदानं न विचारता बँकेतून पैसे आणले. स्वयंपाकाचा ओटा नवा करायचा होता, ग्रॅनाईटचा, त्यासाठी दोन वर्षं साठवत होती.
"मंदा, अगं ओटा..."
"जुन्या ओट्यावर भाकरी वातड होती व्हय? गाडी सांगा."

२५ नोव्हें., पुणे
शेखभाईंच्या पुतण्याची गाडी. वेलांटीला आत नेलं. एमआरआय झाला, लगेच ऑपरेशनला घेतलं. बाकावर आम्ही दोघं. एकही ओळ येईना डोक्यात. मंदा मात्र ओठ हलवत होती. विचारलं, कोणती? "गप बसा," म्हणाली.

२६ नोव्हें.
जिवंत आहे. सर्जन तरुण आहेत, स्पष्ट बोलतात: "दाब काढलाय. नस किती मेली ते तिचं तिलाच ठाऊक. चालेल असं मी म्हणणार नाही. चालणार नाही असंही नाही."
राहिलेलं बिल हप्त्यानं देतो म्हटलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, हमी काय? म्हटलं, पेन्शन, आणि मी खोटं बोलत नाही. दोन्ही लिहून घेतलं त्यांनी.

१० डिसेंबर
टाके काढले. मागचे पाय तसेच. चिमटा काढला, वळून बघते, चावायलाही येते. मंदा खूश: "चाव गं बाई, चाव!" पाय मात्र नाहीत. मालिश, दिवसातून तीनदा. माझ्या बोटांना तिच्या नखांचे ओरखडे.

१८ डिसें.
जुन्या टॉवेलचा झोपाळा करून तिच्या पोटाखाली घातला. एक टोक मंदाकडं, एक माझ्याकडं. गल्लीत निघालो. पुढचे पाय तिचे, मागचे आमचे. दोनदा मंदा म्हणाली, उजवा हलला. मला दिसला नाही. तिला दिसला असेल.
कोपऱ्यावर कदम गुरुजी फिरून येत होते. थांबले. बराच वेळ बघत राहिले. काठी टेकून म्हणाले, "पाटील, अहो या वयात कंबर मोडून घ्याल. किती दिवस चालवणार असं?"
मंदानं टॉवेलचं टोक मनगटाला गुंडाळून घट्ट केलं.
"तुम्ही बघून थकाल तवा घरी जा, गुरुजी," ती म्हणाली. "आमी अजून पुढं चाललोय."