संत ब्लेझच्या मेणबत्त्या

अल-खोबर, सौदी अरेबिया, ३ फेब्रुवारी २००५

फादर दादा,

इथे आपल्या प्रार्थनेला बंदी; कोणी पत्र उघडलं तर पंचाईत, म्हणून हे टपालात न टाकता गावी येणाऱ्या कुणाच्या हाती देईन.

‘देवळाविना तुझी श्रद्धा सुकेल,’ म्हणालास ना? आज कॅम्पातल्या खोलीत मी संत ब्लेझचा सण केला! शिपाई तुरुंगात नेत असतानाही या बिशपने घशात काटा अडकलेलं पोर वाचवलं, ते सगळ्यांना सांगितलं. मग दोन न पेटवलेल्या मेणबत्त्यांची फुली करून एकेकाच्या गळ्याला लावली, प्रार्थना म्हटली. धुळीने सगळ्यांचेच घसे धरलेत.

गुहागरचा गणपतीभक्त बाळारामही मान पुढे करून बसला. शेवटी मेणबत्त्या माझ्या हातातून घेत म्हणाला, “आणि तुझा गळा कोण बघणार? मान वर कर.”

प्रार्थना त्याने न अडखळता म्हटली.

तुझ्या देवळात आहे का असा फादर?

तुझा धाकटा,
पास्कू