गरम होज

अल मजाज, शारजा
१३ डिसेंबर २०२५

प्रिय आपा,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इथे खुशाल आहोत, तुम्हा सगळ्यांची खुशाली अल्लाकडे मागतेय. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि स्पीकर लावलास की अख्खा मोहल्ला ऐकतो, म्हणून हे पत्र रत्नागिरीला निघालेल्या अफशाच्या हाती देतेय. सोबत खजूर आहेत. घरात सगळ्यांना मिळू देत, डबा तुझ्या कपाटात कोंडू नकोस.

इथे आता गारवा आलाय. संध्याकाळी लगूनच्या काठावर शाल घेऊन बसावं लागतं. लेक सुमैय्या ऑफिसातून उशिरा येते आणि आल्यावर इंग्लिशमध्ये दमते. माझा गुडघा बरा आहे. ह्यांचं रास अल खोरचं होजचं दुकान ठीक चाललंय. होज म्हणजे ते रबरी नळे गं, मशीनचे, टँकरचे, बॉयलरचे. तू दुकानात आली होतीस तेव्हा वासानेच तुझं डोकं चढलं होतं.

मागच्या वेळी तू अर्सलानच्या लग्नाचं विचारलंस आणि मी ‘आवाज कटतोय’ म्हणत फोन ठेवला. आवाज चांगला येत होता, आपा.

लग्न ठरलंय. फेब्रुवारीत, ग्लासगोला, जिथे तो नोकरी करतो तिथेच. मुलीचं नाव झारा. तिचे आजोबा लाहोरहून तिथे जाऊन स्थायिक झाले. नमाजी घर, मुलगी गोड. अडलं ते कपड्यावर. त्यांच्याकडे निकाह शेरवानीत होतो, पण दावतीला घरातले सगळे पुरुष किल्ट घालतात. किल्ट म्हणजे आपली चौकडीची लुंगीच समज, फक्त लोकरीची, मागे चुण्या असलेली आणि गुडघ्याशी संपणारी. अर्सलानने फोटो पाठवला. ह्यांनी चष्मा लावून बघितला, चष्मा काढला आणि फोनवर त्याला म्हणाले, “मुलगा घागरा नेसून उभा राहणार असेल तर बापाचं तिथे काम नाही. खलास.”

“इट्स नॉट अ स्कर्ट, अब्बा,” तो म्हणाला. तेव्हापासून बापलेकांत बोलणं बंद. अख्खा उन्हाळा सरला तरी बंद. हे स्वतः घरात दिवसभर लुंगीत असतात, हे मी काही बोलून दाखवलं नाही.

मग गेल्या शुक्रवारी दुपारी फॅमिली ग्रुपवर अर्सलानचा मेसेज आला. सुमैय्याला विचारत होता: ‘नीड वॉर्म होज बिफोर फेब्रुवारी. थिक ऑर मीडियम? टोटली कन्फ्यूज्ड.’

हे जेवत होते. हातातला सुरमईचा तुकडा तसाच ताटात ठेवला. ह्या माणसाचं आयुष्य होज विकण्यात गेलं आणि आता दुकान सोडून गेलेला मुलगा होजवरच अडलाय म्हटल्यावर ह्यांना कुठलं राहवतंय! डाव्या हाताने फोन उचलला आणि बोलून पाठवलं, “आतला व्यास किती पाहिजे ते बोल. गरम पाणी जाणार की स्टीम? पतला माल मत लेना, थंडीत तडकतो.”

सुमैय्या तोंडात दुपट्टा कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मी मागे गेले तेव्हा तिने सांगितलं. किल्टबरोबर घालायचे लांब लोकरी मोजे असतात ना, त्यांना तिकडे होज म्हणतात, आपा!

मला हसू आलंच नाही. वाटलं, आता मुलगा हसेल, ह्यांना अपमान वाटेल आणि उरलंसुरलंही तुटेल. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. अर्सलानचा. ह्यांनी स्पीकर लावला.

“अब्बा, तुम्ही बोललात?”

“बोललो म्हणजे? साइज सांग.”

“साइज… माझ्या पोटरीएवढी. अब्बा, सॉक्स आहेत ते. किल्टचे.”

मी सुमैय्याचा हात घट्ट धरला. ह्यांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, “मोजे? आणि मी स्टीम विचारतोय, हबीबी?” आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. तिकडे अर्सलानही हसत होता, मधेच नाक ओढत होता. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, खरं सांगते.

त्यानंतर ह्यांच्यातला दुकानदार जागा झाला. “कॅमेऱ्यावर दाखव. लोकर किती टक्के? ताणून दाखव. सुती आहे ती जोडी सोड, घामाने ओली झाली की पाय गारठतील. जाड लोकरीची घे, पण टाचेत थोडं नायलॉन बघ, नाहीतर झिजते. आणि वर दुमडलंय ते काय?”

“कफ. सगळे फोल्ड करतात.”

“तू नको करू. वर ओढ.” त्याने ओढले. गुडघा झाकला गेला. “बस. आपल्यात गुडघा झाकलेला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं.”

एवढंच होतं तर घागऱ्याचा विषय कशाला काढलात, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

आता तुला लिहायचं टाळत होते ते लिहिते. मी अर्सलानला कळवून टाकलं होतं की मी एकटी येईन. ह्यांच्याशिवाय मी कधी विमानात बसले नाही, पट्टासुद्धा हेच लावून देतात. दाताच्या डॉक्टरकडे जाते असं ह्यांना सांगून सुमैय्याबरोबर व्हिसाच्या ऑफिसात गेले, बोटांचे ठसे दिले, पासपोर्ट जमा केला. तेव्हापासून ह्यांच्या नजरेला नजर देत नव्हते.

फोन ठेवून हे उठले, हात धुतले आणि आत जाऊन कपाट उघडलं. बाहेर आले ते स्वतःचा पासपोर्ट घेऊन.

“दोन्ही एका रबरबँडात असतात,” म्हणाले. “किती दिवस माझा एकटाच आहे. वाटलं होतं, तू विचारशील.”

“मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल.”

“म्हणालोही असतो.” पासपोर्ट माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “यल्ला, सुमैय्याला माझीही अपॉइंटमेंट घ्यायला सांग.”

मी तिथेच, जेवणाच्या टेबलाशी रडले, आपा. ह्यांनी मला रडू दिलं. सोमवारी ठसे द्यायला जाणार आहेत, मी सोबत जाणार आहे.

आता कुणी लग्नाचं विचारलं तर बिनधास्त सांग. नवऱ्यामुलाचे आईबाप जाणार आहेत. दोघेही.

तुझी,
हाफिजा