हेमंतला विचारा

इंद्रपुरी, भोपाळ
८ जून २००३

प्रिय हेमंत,

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. आई बरी आहे, गुडघे सोडून. मी आहे तशीच. तुझी खबरबात प्रमिलाताईकडून कळते. ती आनंद नगरहून आली की तिच्या भावाचं पुराण सुरू! पुण्यात अजून एकटाच डबा मागवून जेवतोस म्हणाली. कमाल आहे बाई तुझी!

पत्राला कारण तसं ऑफिसचंच. आपण दोघांनी कारखान्याच्या क्वार्टर वाटपाचा केलेला प्रोग्राम अजून त्याच जुन्या फॉक्सप्रो भाषेत चालतो. नव्या साहेबांना तो नव्या भाषेत लिहून हवाय. माऊस, रंगीत बटणं, सगळा थाट. जुनं ठेवायचं की सोडायचं, हे त्यांनी माझ्यावर सोपवलंय. उद्या सांगायचंय.

वर्षभर मी भांडले. नीट चालतंय ना, मग कशाला हात लावता? पण नवीनही मी गुपचूप शिकून घेतलंय, आणि मेलं ते चांगलं आहे.

खरी अडचण ती ओळ. प्रोग्राम कुठे अडला की पडद्यावर येतं ना, "हेमंतला विचारा"! तू गमतीनं घातलीस आणि नोकरी सोडून गेलास. परवा ती साहेबांसमोरच उगवली. म्हणाले, "सिंधूजी, ये हेमंत कौन हैं? बुलवा लीजिए ना।" सगळे हसले. मीही हसले, आणि बाहेर जाऊन रडले. एक ओळ पुसायला कितीसा वेळ लागतो रे? इतक्या वर्षांत मला ते जमलं नाही.

फार आठवण येते. कम्प्युटर रूमबाहेर आपल्या चपला शेजारी शेजारी असायच्या. भर मे महिन्यात आत एसीत स्वेटर घालून बसायचो. मी वाचून दाखवायची, तू टाइप करायचास आणि चुकलास की माझ्यावर ढकलायचास. तुझ्या शेवटच्या दिवशी चपला घालताना तू काहीतरी बोलणार होतास. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. मग नुसतं "येतो" म्हणालास.

उद्या मी नव्याला हो म्हणणार आहे. त्यात ती ओळ नसेल. पण ती जाण्याआधी एकदा तिचं ऐकते. हेमंत, तुलाच विचारते, त्या दिवशी काय सांगायचं होतं? अजूनही सांगायचं असेल, तर पत्र नको, ये.

वाट बघणारी (हे आजवर लिहायची हिंमत झाली नव्हती),
सिंधू