वर्षाच्या मापाची प्लेट

प्रिय वर्षा,

बापाचं पत्र आलं म्हणजे कोणी गेलं-बिलं असेल, असं वाटून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज चढतो हे तुला ठाऊक आहे. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून भर दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. समोर बन्सीलाल शेठचा ट्रक उभा आहे. उद्या सकाळी सात वाजता तो मी स्वतः कडोदऱ्याच्या रस्त्यावर काढणार आहे, आणि त्यात गिअरबॉक्सची जोडप्लेट तुझीच आहे. जिच्यामुळे आपल्या गॅरेजातल्या हिलालकाकाचा पाय मोडला असं मी चारचौघांत म्हणालो, तीच. तुझ्या आईने दिलेला डबा सकाळपासून तसाच पडलाय.

हा ट्रक पहिल्यांदा आला तो दिवस आठवतो का? शेठच्या वडिलांचा बावन्न सालचा ट्रक, त्यात पुतण्याने भलंमोठं इंजिन कोंबलेलं, मागे हे रुंद टायर, रंग लग्नाच्या बॅंडसारखा. तू म्हणालीस, अप्पा, याला हॉट रॉड म्हणतात. मी म्हणालो, मी याला छकडा म्हणतो. त्या इंजिनाच्या जोराने जुन्या गिअरबॉक्सचे दात पार झडले होते आणि तसा बॉक्स आता भंगारातही सापडत नाही. दुसऱ्या कंपनीच्या जीपचा बॉक्स बसवू, हे मीच छाती फुगवून शेठला सांगितलं. घरी आल्यावर माझा चेहरा पडला. याचे बोल्ट एकीकडे, त्याचे भलतीकडे, मधे जोडप्लेट करायची आणि इंजिनाचा मध्य व बॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणायचा. जन्मभर मी अंदाजाने कामं केली. इथे अंदाज चालणार नव्हता.

तेव्हा तू डिप्लोमाची वही काढलीस. तीन दिवस इंजिनाखाली पडून मापं घेतलीस, केसांत ग्रीस, नाकावर ग्रीस. तुझी आई म्हणायची, हिला बघायला येणाऱ्यांना आधी रॉकेलचा बोळा द्यावा लागेल. तुझ्या ड्रॉइंगवरून पांडेसऱ्यातल्या लेथवाल्याने प्लेट काढली, तेव्हा हिलाल ती तळहातावर घेऊन किती वेळ बघत होता! मला अभिमान वाटला होता गं. तोंडाने बोललो नाही. कधीच बोलत नाही, हा माझा जुना रोग आहे.

आणि मग ती ट्रायल. अंगणातल्या अंगणात मी पहिला गिअर टाकला, चार हात पुढे घेतला, क्लच दाबला, पण शाफ्ट इंजिनापासून सुटेचना. इंजिन ओढतंय, ब्रेक पुरत नाही, समोर भिंतीपाशी हिलाल उभा. चावी बंद करेपर्यंत बंपर त्याच्या पायावर गेला होता. त्याची किंकाळी अजून कानात आहे. सगळे धावले, आणि मी काय केलं, तर तुझ्याकडे बोट केलं. पोरीचं पुस्तकी माप चुकलं, म्हणालो. लेथवाला होता, शेठ होता, शेजारचे होते. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून इच्छापोरला मैत्रिणीच्या, प्रियाच्या खोलीवर गेलीस.

प्रियाने तुझ्या आईला सगळं सांगितलंय. तिथल्या कारखान्यात तुला ड्रॉइंगच्या खात्यात घेत होते आणि तू सांगितलंस, “मला मापं जमत नाहीत, पॅकिंगला लावा.” दर रविवारी आम्हाला न कळवता पांडेसऱ्यात येतेस, हिलालच्या खाटेपाशी बसून रडतेस आणि परत जातेस, हेही कळलं. दिवाळीलासुद्धा घरी आली नाहीस. मी चकली हातात घेतली आणि तशीच ताटात ठेवली; का, ते घरात फक्त मला माहीत होतं.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर पुन्हा ट्रकभोवतीच फिरत बसेन. प्लेट आपण दसऱ्याला बसवली होती. मुहूर्ताचा हट्ट माझा. जोडाच्या चकचकीत तोंडावर मी तेलात कुंकू कालवून स्वस्तिक काढलं, वर अक्षता लावल्या. तू म्हणालीस, अप्पा, बसवण्याआधी पेट्रोलने पुसा, तिथे धूळसुद्धा चालत नाही. दसऱ्याचं कुंकू दसऱ्यालाच पुसायचं, हे माझ्या जिवावर आलं. तुला फाफडा-जिलेबीच्या रांगेत पाठवलं आणि तू परत यायच्या आत प्लेट ठेवून बोल्ट आवळून टाकले. अपघातानंतर दहा दिवसांनी एकट्याने ती उघडली. कुंकवाचा थर वाळून कडक झाला होता आणि त्यात तांदळाचे दोन दाणे चेपून टिकलीएवढे झाले होते, दोन्ही एकाच बाजूला. तेवढ्याने बॉक्स तिरपा बसला होता, म्हणून शाफ्ट अडकला. सगळं पुसून प्लेट पुन्हा लावली, मध्य तपासायचं गेज फिरवलं. काटा जागचा हलला नाही. तुझं माप अगदी बरोबर होतं.

हे मला पाच आठवड्यांपासून माहीत आहे, वर्षा. शेठला मी सांगितलं की पोरीची चूक मी दुरुस्त केली. त्याने माझी पाठ थोपटली आणि मी थोपटून घेतली. आज सकाळी हिलालकडे जाऊन सगळं ओकलो. वाटलं, तो काठी हाणेल. तो भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाला, “हाई माले नको सांगू, सुकदेव. पोरले सांग.” तिथून उठून शेठकडे गेलो, लेथवाल्याकडे गेलो, शेजाऱ्यांनाही थांबवून सांगितलं. ज्यांच्यासमोर बोट दाखवलं होतं, त्यातलं कोणी सोडलं नाही. आता तू राहिलीस. ट्रायल उद्या आहे आणि पत्र मी आज टाकतोय, ते मुद्दाम. ट्रक नीट धावल्यावर कबूल करणं सोपं होतं. आणि उद्या काही बिघडलं, तर तू पुन्हा स्वतःलाच दोष देशील. तेव्हा उद्या काहीही होवो, हिलालचा पाय तू मोडला नाहीस, मी मोडला. सोमवारी पॅकिंग सोड आणि ड्रॉइंगच्या खात्यात जा. मला माफ कर किंवा करू नकोस.

तुझाच,
अप्पा