वाजवून घेतलेला माल

४ मार्च
पोराचा, यारेमाचा फोन. त्याची तुकडी २८ तारखेला पूर्वेला आघाडीवर जाणार. सैन्याकडून चिलखती जाकीट मिळालेलं नाही. "बाबा, गोळी अडवणाऱ्या प्लेट्स आणि त्या घालायचं जाकीट बघता का?" बघतो म्हणजे काय! पोल्तावाच्या वीटभट्टीवर अडतीस वर्षं माल तपासलाय. पक्की वीट खणखणते, तडकलेली भद्द वाजते. आठवड्यात काम फत्ते.

११ मार्च
घाई नको. पोलादी प्लेट स्वस्त, पण जड, आणि गोळीचे तुकडे गळ्याकडे उडतात. सिरॅमिकची हलकी, पण महाग. वहीत तक्ता आखलाय. बायको, मेलान्या, म्हणते, शेजारच्या ओदार्काने जावयाला ओळखीतून तीन दिवसांत मागवून दिलं. तिने तक्ता आखला होता का?

१७ मार्च
सिरॅमिकच. शेवटी भाजलेली मातीच ती, माझाच विषय. एक पुढे, एक मागे. जाकीट झटक्यात उतरणारं. मेलान्याने विचारलं, मान आणि कुशीचं काय? तक्त्यात तो रकाना नाही.

२३ मार्च, दुपार
पार्सल आलं. कागदावर लिहिलंय, आपटू नये, ठोकू नये. हे सामान्य गिऱ्हाइकांसाठी. पुढची प्लेट बोटाने वाजवली, खणखणीत. मागचीचा आवाज नीट कळेना. भट्टीवरची हातोडी काढली.

संध्याकाळ
मागची भद्द वाजते. मालात खोट. तपासली म्हणून बरं. दुकानदाराला फोनवर झापलं. तो म्हणाला, आजोबा, हातोडी मारलीत का? फोन ठेवला. मेलान्या एवढंच म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बोर्श्ट सुपाची वाटी माझ्यासमोर आपटली.

२४ मार्च
दुसरी यायला दोन आठवडे. ओदार्काच्या ओळखीच्या माणसाकडे आजही एक आहे म्हणे. मेलान्या शाल घेऊन निघाली होती, मी अडवली. न तपासलेला माल पोराच्या अंगावर? जाकिटात एकच घालून पाठवली.

२७ मार्च
यारेमाला मिळाली. हसला. म्हणाला, "असू दे, बाबा. पाठ मी भिंतीला लावून बसेन." डोकं थंड आहे, माझ्यावर गेलाय.

१० एप्रिल
मागची प्लेट आली. हातोडी लावली नाही. चार दिवस त्याचा फोन नाही, रेंज नसेल. उद्या सकाळी पहिलं काम पार्सल.

११ एप्रिल
पार्सल ऑफिसच्या रांगेत असताना मेलान्याचा फोन आला. प्लेट काखेत घेऊन परत आलो.

१६ एप्रिल
काल यारेमाला शवपेटीतून आणलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं गुडघे टेकून होती. ओदार्काही होती. तिच्याकडे बघता आलं नाही.
त्याच्या सामानात जाकीट आलं. पुढची प्लेट अजून खणखणते.
२३ मार्चचं 'मालात खोट' आज खोडलं. माल चांगला होता. मी फोडली.
ते सामान घेऊन अधिकारी घरी आला तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहिलो. कुठे लागलं, ते मेलान्याने विचारून घेतलं. तिने मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.