खंडेनवमीला उकळलेले तीन डबे

आकुर्डी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

आदरणीय कोंडीरामदादा,

सप्रेम जय भीम. वहिनींनाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे हे विचारणार होते, पण तुम्ही 'बरा आहे' एवढंच लिहिणार, म्हणून वहिनींनाच फोन करून विचारून घेतलं. सकाळचं चालणं तुम्ही पुन्हा बंद केलंय असं कळलं. ते उद्यापासून सुरू करा. माझं इथे उत्तम चाललंय. रक्तदाब ठीक, चष्म्याचा नंबर तोच, आणि पिंकीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर ज्याला तुम्ही 'नीलाचा म्हातारपणचा पोरखेळ' म्हणालात, तो परवा पहिल्या वर्गात पास झाला. तेच सविस्तर कळवायला हे पत्र. (फोनवर तुम्ही मध्ये बोलता. पत्रात ते जमत नाही.)

लग्नात तुम्ही सगळं जेवता जेवता ऐकलंत, म्हणजे अर्धंच ऐकलंत, त्यामुळे पहिल्यापासून सांगते. मारुंजीच्या माझ्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांपासून लिन नावाची चिनी मुलगी भाड्याने राहते. चाकणच्या एका कंपनीत ती दुभाषी आहे, आणि तिकडून आलेल्या इंजिनियर लोकांच्या खाण्यापिण्याची व्यवस्थाही तिच्याकडेच आहे. मराठी तिला मी शिकवलं. (त्यामुळे तिला मराठीत खडसावता फार छान येतं. गोड बोलायचं ती अजून कुणाकडून तरी शिकेल.) तर त्यांच्या देशात एक डबा मिळतो. वरच्या खणात गोड पदार्थ, खालच्या खणात कळीचा चुना आणि थोडी ॲल्युमिनियमची भुकटी भरलेली पुडी. पुडीवर गार पाणी ओतायचं, वरचा खण ठेवून झाकण लावायचं, की दहा मिनिटांत पदार्थ वाफाळतो. गॅस नको, वीज नको. थंडीत नव्या साइटवर काम करणाऱ्या त्या लोकांना घरचं गरम गोड हवं असतं : तिळाचं सारण भरलेले चिकट तांदळाचे गोळे, आल्याच्या गोड पाण्यात सोडलेले. तिकडून डबे वेळेवर येत नाहीत. इथे बनतील का, असं लिनने विचारलं. चौतीस वर्षं औषध कंपनीत गुणवत्ता तपासलेली मी केमिस्ट्रीची पदवीधर बाई, 'न बनायला काय झालं?' म्हणून मोकळी झाले. ते वाक्य मी यापुढे जपून वापरणार आहे.

कारखानदार मिळाले चाकणचे मारुतराव. माणूस सरळ, फक्त प्रत्येक गोष्टीला 'होऊन जाईल मॅडम' म्हणतो आणि ती कशी होणार हे सांगत नाही. गाड्यांचे सुटे भाग ठेवायचे प्लास्टिकचे ट्रे ते बनवायचे. उन्हाळ्यात ते काम तुटलं. दिवाळीनंतर शेड कुणाला तरी गोडाऊन म्हणून द्यायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, म्हणजे पॅकिंगच्या अकरा बाया घरी. त्या अकरा जणींची मुकादम मारुतरावांची आई, गोजाबाई. वय सत्तर, सकाळी आठला हजर. त्यांच्याच जमिनीवर शेड उभी आहे, त्यामुळे त्यांना कुणी निवृत्त करू शकत नाही. पहिल्याच दिवशी त्या सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, तेव्हा मी सांगून टाकलं की दिवाळीनंतरही तुम्ही इथेच याल. एकही डबा तापवून बघितलेला नसताना असा शब्द देणं हे माझ्या आजवरच्या नोकरीत बसत नव्हतं, पण दिला. लिनची अट साधी होती. खंडेनवमीला ती स्वतः येणार. नमुना पास झाला तर तीन हजार डब्यांची ऑर्डर, नाहीतर ती दुसरा कारखाना बघणार.

गोळ्यांचा प्रश्न लवकर सुटला. गोड पदार्थ पाण्यात बुडवून खायचा, ही कसली रीत, असं गोजाबाईंचं म्हणणं होतं. त्यावर मागून एकीने 'आत्या, गुलाबजाम काय तुमी वाळवून खाता व्हय?' असं विचारलं आणि तो विषय संपला. मी तराजू नेला होता, प्रत्येक गोळा वीस ग्रॅमचा हवा म्हणून. गोजाबाईंनी तो बाजूला सरकवला आणि हाताच्या अंदाजाने पन्नास गोळे वळले. मी पन्नासच्या पन्नास तोलले. (एकही चुकला नाही. याचं मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, पण आनंदही झाला नाही.)

अडलं ते तापण्यात. सतरा वेळा डबा तापवून बघितला आणि सतराही वेळा गोळे जेमतेम कोमट. पाण्याचं माप मी लिनकडच्या एका चिनी डब्यावरून घेतलं होतं, बरोबर दोनशे मिलिलिटर, आणि दर वेळी डोळ्यांसमोर मोजून घालत होते. चुना बदलला, पुडीचं कापड बदललं, झाकण बदललं. थर्मामीटर बावन्न अंशांपुढे हलेना. मारुतरावांनी मला न सांगता गोडाऊनवाल्याला फोन केल्याचंही मला कळलं. मध्यंतरी तुम्ही फोनवर काहीतरी सुचवलं होतंत, पण त्याची गरज पडली नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही सगळं आयुष्य कारखान्यात काढलंत. पूजा त्यांची, शेड त्यांची, मी त्यात पडत नाही. माझा नियम एकच होता आणि तो मी मोठ्या अक्षरांत दारावर लावला होता : आत पाण्याचा थेंब आणायचा नाही. उघडी पुडी आणि पाणी एकत्र आलं तर काय होतं हे मी सगळ्यांना दोनदा समजावलं होतं. सगळ्यांनी पाळलंही. बाटल्या बाहेर, तांब्या बाहेर, ओले हात बाहेर पुसलेले. मी मशीनच्या उतरत्या पत्र्याच्या खालच्या कडेखाली नमुन्याचे तीन डबे ओळीने मांडले, खालच्या खणात पुड्या ठेवल्या, वरचे खण शेजारच्या टेबलावर ठेवले आणि लिनला घ्यायला दाराशी गेले. ती बूट काढत होती. तेवढ्यात मागे मारुतरावांनी पत्र्याच्या वरच्या टोकाशी मशीनवर नारळ फोडला.

नंतर मी त्यांना विचारलं, दारावरची पाटी वाचली नव्हती का? त्यांनी अगदी निरागसपणे सांगितलं, 'वाचली की मॅडम. पण नारळ म्हणजे पाणी कुठंय? नारळ म्हणजे नारळ.' अकराही बायांनी माना डोलावल्या. पाणी पत्र्यावरून ओघळत तिन्ही डब्यांत वाटून गेलं होतं आणि हळदीकुंकवाने सजलेलं मशीन वाफेत दिसेनासं झालं होतं. मारुतराव हात जोडून उभे. दोघी जणी दाराकडे पळाल्या. मी 'लांब व्हा' एवढंच ओरडले. गोजाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. 'आता बगत काय बसलाय? आयती वाफ आलीय, वरचं ठेवा की!' म्हणत त्यांनी तिन्ही खण डब्यांत बसवले, झाकणं दाबली आणि आरती सुरू करायला सांगितली. आरती आठ मिनिटं चालली. (मी घड्याळ लावलं होतं.)

झाकण काढून थर्मामीटर घातला. सत्त्याहत्तर अंश! दादा, चौतीस वर्षांत मी कुठल्याही आकड्याकडे इतक्या प्रेमाने बघितलेलं नाही.

लिनने एक गोळा खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला ती मान खाली घालून बसली. तिची आई थंडीत शाळेतून आल्यावर असेच देते म्हणे, म्हणजे द्यायची. गोजाबाईंनी दुसरा डबा तिच्यापुढे सरकवला. तोही संपल्यावर लिन उठली, ओढणी सारखी केली आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, 'चांगलं आहे. वेळेत द्या. कारणं नकोत.'

सगळ्या बाया टाळ्या वाजवत असताना मी पूजेच्या टोपलीतले उरलेले चार नारळ फोडायला लावले आणि प्रत्येकाचं पाणी मोजलं. एका नारळाचं साधारण सव्वादोनशे, तीन डब्यांत वाटलं तर डब्याला पंचाहत्तर. त्या चिनी डब्यावरचं दोनशेचं माप आमच्या तिप्पट मोठ्या, रश्श्याच्या डब्याचं होतं. दुसऱ्या दिवशी मोजून नळाचं पाणी घालून दहा डबे तापवले. दहाही उकळले. गोडाऊनवाल्याला मारुतरावांनी माझ्यासमोर नकार कळवला, आणि दारावरच्या पाटीत 'व नारळ' एवढे शब्द मी वाढवले आहेत.

तेव्हा यापुढे पोरखेळ हा शब्द जपून वापरावा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण,
नीला

ता. क. : मारुतरावांचा आग्रह आहे की देवीनेच माप दिलं. मी वाद घातला नाही, कारण खरं सांगायचं तर ते माप त्याच्या तीन आठवडे आधी तुम्ही दिलं होतं. चौदा एप्रिलच्या आधी दर वर्षी आपल्या खोलीला चुना लावायला तुम्ही पिंपात तो विरवायचात. 'चुन्याला पाणी बेताने घाल, नीला. जास्त ओतलंस की तो तापत नाही, बुडतो.' फोनवर तुम्ही हेच म्हणालात, आणि मी 'केमिस्ट्रीत पदवी माझी आहे, दादा' म्हणून फोन ठेवला. ते मी मागे घेते. हे वाक्य जपून ठेवा, दुसरं मिळणार नाही.

दुसरा ता. क. : तीन हजार डब्यांचा चुना कोरडा कसा ठेवायचा हे इथे कुणालाच नीट येत नाही, मलाही नाही. आमचा चुन्याचा जुना जाणकार सोमवारी येतोय, असं मी लिनला सांगून बसले आहे. नाशिकहून रविवारी दुपारच्या गाडीचं तिकीट काढलंय, खिडकीची जागा आहे, गुडघा लांब करता येईल. डब्यावर 'पाणी बेताने घाला' असं छापायलाही दिलंय. आधी विचारायला हवं होतं.

तिसरा : दोन डबे तुमच्यासाठी बाजूला ठेवले आहेत. पाणी तुम्हीच ओता. मी माप घेऊन शेजारी उभी राहणार नाही.